सापडली ती फट!

जुन्या गाडीच्या टपाच्या कडेला असलेली पन्हाळ तुम्ही कधी नीट पाहिली आहे का? दरवाजाच्या बरोबर वर, पुढच्या काचेच्या कोपऱ्यापासून थेट डिकीपर्यंत गेलेली, करंगळीसुद्धा धड मावणार नाही अशी पत्र्याची अरुंद चर. अँबॅसिडरला होती, पद्मिनीला होती आणि आमच्या ओम्नी व्हॅनला आहे. या पावसाळ्यात मी त्या पन्हाळीच्या अक्षरशः प्रेमात पडले आहे! गाडीत पावसाचं पाणी शिरतं कसं, शिरल्यावर कुठून कुठे जातं, आणि केसाएवढी फट अख्ख्या गाडीला ओल कशी आणते, हे सगळं मला तिनं दाखवलं. ती फट मी स्वतः शोधली, स्वतःच्या हातानं खरवडली आणि भरली. तेव्हापासून जो भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे.

आधी गाडीबद्दल. मारुतीनं ही गाडी १९८४ मध्ये आणली तेव्हा तिचं नाव नुसतंच ‘व्हॅन’ होतं, ‘ओम्नी’ हे बारसं १९८८चं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, तेही पुढच्या सीटखाली. मागे सरकते दरवाजे. आत एवढी जागा की मागची सीट काढली की तांदळाची पोती, भाजीचे क्रेट, कुणाच्या लग्नातली भांडी, काहीही बसतं. त्याआधी आमच्या भागात अशा प्रत्येक गाडीला ‘मॅटाडोर’च म्हणायचे, कारण बजाज टेम्पोची मॅटाडोर पुणे जिल्ह्यातच, आकुर्डीत तयार व्हायची. ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, पण आमच्या मुळशीत तिला कुणी निवृत्त केलेलं नाही. आमची व्हॅन आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सेकंडहँड घेतलेली. सुट्टीच्या दिवशी इंद्रायणी तांदळाची पोती घेऊन कोथरूडला जाते, एरवी मला शाळेत पोचवते. मी प्राथमिक शाळेत शिकवते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे खडूचा संबंध येणार आहे!

आता पाऊस. पौड सोडून पश्चिमेला निघालं की पाऊस गावागणिक वाढत जातो. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढताना रिते होतात ते ताम्हिणीच्या माथ्यावर आणि अलीकडे आमच्या अंगणात. पुणे शहरात वर्षभरात सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. २०२४च्या २५ जुलैला ताम्हिणीत चोवीस तासांची नोंद झाली ५५६ मिलिमीटर! आता हा हिशेब बघा, मला तो फार आवडतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. व्हॅनचा टप साधारण चार चौरस मीटरचा धरा. म्हणजे तसल्या एका दिवसात एकट्या टपावर दोन हजार दोनशे लिटर पाणी पडणार. हजार लिटरच्या दोन टाक्या भरून वर उरेल एवढं पाणी, आणि त्यातलं बहुतेक त्या दोन अरुंद पन्हाळींतून वाहून जायचं. शंभर लिटरमागे अर्धा लिटर जरी आत वळलं, तरी अकरा लिटर होतं. बादलीभर पाणी गाडीत, आणि बाहेरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही.

आमच्या गाडीत आधी आला तो वास. दार सरकवलं की कुबट, ओल्या गोणपाटाचा. मग सकाळी पुढची काच आतून पांढरी व्हायला लागली, पुसावी तरी पाच मिनिटांत पुन्हा वाफ धरायची. मग ड्रायव्हरच्या पायाशी मॅट ओली. मग एक दिवस पोत्याच्या बुडाला हिरवट बुरशी दिसली आणि आबा म्हणाले, आता बास, आता बघायलाच पाहिजे.

ज्यांनी ज्यांनी गाडी पाहिली त्यांचं एकच निदान होतं, पुढच्या काचेचं बीडिंग गेलं. ते पटण्यासारखंच होतं, कारण पाणी पुढे साठत होतं आणि पुढे काच आहे. एका गॅरेजमध्ये काचेच्या रबरावर चारी बाजूंनी सिलिकॉन फासून दिलं. पुढच्या सरीला मॅट पुन्हा ओली. मग रबर बदला, काच काढा, डॅशबोर्ड उतरवा अशी बोलणी सुरू झाली. त्या वेळी ओट्यावर बसलेले आबा जे बोलले ते मी कधीच विसरणार नाही. आबांनी तरुणपणी गावातली कितीतरी घरं शाकारली आहेत. ते म्हणाले, “पोरी, गळतंय तिथं कौल कधीच फुटलेलं नसतं. पाणी आत येतं एकीकडनं, वाशावरनं चालत जातं अन् पार दुसरीकडं टपकतं. थेंबाकडं बघू नको, वाशाकडं बघ.”

गाडीचा वासा कुठला? हा प्रश्न डोक्यात शिरला आणि मला दुसरं काही सुचेना.

आमचं अंगण ओढ्याकडे उतरतं आहे. व्हॅन नेहमी ओढ्याकडे तोंड करून उभी असते. मी ती फिरवून, ओढ्याकडे पाठ करून लावली. रात्री पुष्याचा पाऊस धो धो झाला. सकाळी बॅटरी घेऊन बघते तर पुढची मॅट जेमतेम दमट, आणि सरकत्या दरवाजामागे, मागच्या चाकाच्या उंचवट्यापाशी चक्क पाणी साठलेलं! मी तिथेच उड्या मारायच्या बाकी होते. गळती काचेच्या रबरातून असती, तर गाडीचं तोंड फिरवल्यानं ती मागे कशी गेली असती? म्हणजे पाणी मधेच कुठेतरी वरून शिरत होतं आणि आत आल्यावर जिकडे उतार तिकडे धावत होतं. मग जुनी एक गोष्ट आठवली. पिरंगुटच्या घाटात उतारावर ब्रेक दाबला की अधूनमधून ड्रायव्हरच्या उजव्या खांद्यावर गार पाण्याची धार यायची. आम्ही म्हणायचो, खिडकीतून आलं. खिडकी तर बंद असायची! ते पाणी टपाच्या आतल्या बाजूला, अस्तरावर साठलेलं होतं आणि गाडी थांबली की पुढे झेपावत होतं. वासा सापडला होता. टपाच्या कडेनं, दरवाजांच्या वरून, पत्र्याची एक पोकळ नळीच गेलेली असते. खाली ती दरवाजांमधल्या खांबांना जोडलेली असते आणि ते खांबही आतून पोकळच. पाण्याला गाडीभर हिंडायला आयते रस्ते!

मग उघडिपीच्या एका दिवशी आम्ही सगळे कामाला लागलो. सीट बाहेर, मॅट बाहेर, खालचं मॅटिंग उचललं तर त्याच्या पोटाशी असलेला नमदा पाण्यानं जड झालेला. ही गोष्ट आवर्जून लक्षात ठेवा, वरून मॅट कोरडी वाटली तरी खालचा नमदा कितीतरी दिवस पाणी धरून ठेवतो, आणि त्याच्याखालचा पत्रा गुपचूप गंजत राहतो. फरशीच्या पत्र्याला ठिकठिकाणी रबरी बुचं असतात. ती काढली की साठलेलं पाणी सरळ खाली जातं. बुचं काढल्यावर जी धार लागली ती बघून माझी लेक टाळ्या पिटायला लागली.

सगळं पुसून, टेबलफॅन लावून कोरडं केलं. मग कागदाची परीक्षा. वर्तमानपत्राची पट्टी दाराच्या रबरात धरायची, दार लावायचं आणि पट्टी ओढायची. घट्ट धरली तर रबर दाबतंय, सहज निसटली तर तिथे फट आहे. दरवाजांचं सगळं रबर असं तपासलं. डाव्या सरकत्या दाराचा खालचा कोपरा सोडला तर सगळीकडे पट्टी फाटेपर्यंत निघेना. बाकी रबर निर्दोष!

आता पाण्याची नळी. इथली एक युक्ती फार महत्त्वाची आहे. पाणी खालून वर चढत मारायचं. वरून सुरुवात केली की ओघळ सगळ्याच सांध्यांवरून खाली येतो आणि मग कुठला सांधा गळतोय ते कळतच नाही. आणि धार हलकी हवी, नळीचं तोंड दाबून फवारा मारायचा नाही. जोराचं पाणी पाऊस कधी शिरणार नाही अशा जागीही शिरतं आणि उगाच चकवतं. लेक बॅटरी घेऊन आत बसली, मी बाहेर. आधी दाराचा खालचा भाग, मग हँडल, मग खिडकीची काच, मग पुढच्या काचेची खालची बाजू, दोन्ही कडा, वरची बाजू. प्रत्येक ठिकाणी काही मिनिटं. “आहे का गं काही?” “नाही, आई!” पुढच्या काचेवर तर मी भरपूर वेळ पाणी सोडलं. आत थेंब नाही! जिच्यावर सगळ्यांचा संशय होता ती काच साफ सुटली.

नळी बंद केली आणि तांब्या घेतला. शिडीवर चढून उजव्या पन्हाळीत थोडं थोडं पाणी सोडायला लागले, पुढून मागे सरकत. त्याआधी टपाच्या अस्तराची कड आतून सैल केली होती आणि उघड्या पत्र्यावर, खांबावर, पार खालपर्यंत खडूची पूड कापसानं चोपडून ठेवली होती. शाळेतल्या खडूंचे उरलेले तुकडे खलबत्त्यात कुटून केलेली. कोरड्या पुडीवरून पाणी गेलं की तिथे गडद रेघ उमटते, आणि पाणी वाळलं तरी ती रेघ राहते. पाणी स्वतःच आपल्या वाटेचा नकाशा काढतं!

पुढच्या कोपऱ्यात ओतलं, काही नाही. हातभर मागे, काही नाही. मग कॅरिअरच्या पुढच्या पायाशी आले. कॅरिअर म्हणजे टपावरचा लोखंडी सांगाडा, पोती बांधायला बसवलेला. त्याचे पाय पन्हाळीतच टेकतात आणि आकड्यांनी पन्हाळीच्या ओठाला घट्ट आवळलेले असतात. तिथे तांब्या ओतला. वाट बघितली. अर्धा तांब्या आणखी. सगळं शांत. मी पुढे सरकणार तेवढ्यात आतून किंकाळी, “आई, आलं! आलं! रेघ आली!”

मी शिडीवरून कशी उतरले देव जाणे. आत डोकं घालून बघते तर पांढऱ्या पुडीवर एक काळपट रेघ, अस्तराच्या कडेतून निघालेली, पोकळ पट्टीच्या जोडानं पुढे सरकलेली, पुढच्या खांबाशी वळून खाली उतरणारी. तिचं टोक माझ्या डोळ्यांदेखत पुढे जात होतं. थांबायचं, फुगायचं, पुन्हा बोटभर धावायचं. तळाशी पोचलं आणि ड्रायव्हरच्या पायाशी पहिला थेंब पडला. शिरण्याची जागा आणि पडण्याची जागा यांच्यात चांगलं वावभर अंतर होतं. आबा दारात काठी टेकून उभे होते. ते फक्त म्हणाले, “वासा.” इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

मग कॅरिअरचे नट सोडवून पाय उचलला. त्याखाली रंगाला एक फुगवटा आला होता, वाटाण्याएवढा. नखानं दाबला तर कुरकुरला आणि फुटला. आतून विटकरी भुकटी. ती फुंकली आणि मग दिसली ती फट! पन्हाळीच्या तळाशी, उभ्या भिंतीला लागून, केसाएवढी बारीक, बोटाच्या दोन पेरांएवढी लांब. कागदाची कड तिच्यात सहज गेली.

ती तिथेच का असावी, हे समजून घेताना तर मी थक्क झाले. पन्हाळ ही टपाला नंतर चिकटवलेली पट्टी असेल असं मला वाटायचं. प्रत्यक्षात टपाचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जिथे एकमेकांवर ठेवून टाके घातल्यागत वेल्डिंगनं जोडतात, तोच सांधा म्हणजे पन्हाळ. वेल्डिंग ठिपक्या-ठिपक्यांचं असतं, मधल्या जागेतून पाणी जाऊ शकतं, म्हणून त्या सांध्यावर सीलरचा थर देतात आणि वरून रंग. म्हणजे टपावरचं सगळं पाणी जिथे गोळा होतं, नेमका तिथेच गाडीचा सर्वात लांब सांधा, आणि त्याची राखण करतो बोटभर रुंदीचाही नसलेला सीलरचा थर! तो वर्षानुवर्षं टिकतो हेच आश्चर्य. पण उन्हानं तो कडक होतो, आणि त्यावर कॅरिअरचा लोखंडी पाय पोत्यांच्या वजनानं प्रत्येक खड्ड्यात आदळत राहिला की त्याला तडा जातो.

पुढचं काम केशाकर्षणाचं. मी मुलांना शिकवते ना, बारीक नळीत पाणी आपोआप चढतं, नळी जितकी बारीक तितकं जास्त. तेच इथे चाललेलं! रुंद भोकातून पाणी वजनानं पडतं, पण केसाएवढ्या फटीत ते ओढलं जातं, पाऊस थांबल्यावरसुद्धा फट ओलीच राहते. मग गंज. आणि गंजाची जागा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त असते, म्हणून तो आतून फुगतो, सीलर उचलतो, फट वाढवतो, आणखी पाणी बोलावतो. वाटाण्याएवढ्या फुगवट्यात हे सगळं शास्त्र मावलेलं.

दुरुस्तीकडे वळण्याआधी आणखी एका शोधाबद्दल सांगते, कारण माझ्या मते तो याहूनही मोठा आहे. डाव्या बाजूलाही वेगळी ओल यायची, तिचा उलगडा करायचा म्हणून आम्ही पुढच्या दाराचं आतलं पॅनल उघडलं. आत प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला. मला वाटलं, कुणी काढायचा विसरला असेल. पिरंगुटला डेंटिंगचं काम करणारे एक मामा आले होते, ते घाईघाईनं म्हणाले, “ताई, तो फाडू नका, तोच तर तुम्हाला कोरडं ठेवतो!” आणि मग त्यांनी दाखवलं. खिडकीची काच खाली-वर होते तिथल्या रबरातून पाणी दारात जातंच, ते जायचंच असतं! दाराच्या पोटातून ते खाली उतरतं आणि दाराच्या तळाच्या छोट्या भोकांतून बाहेर पडतं. प्लॅस्टिक एवढ्यासाठी, की खाली उतरताना ते आतल्या बाजूला येऊ नये. मी पेलाभर पाणी काचेच्या बुडाशी ओतलं आणि वाकून बघितलं. काही क्षणांत दाराखालून बाहेरच्या बाजूला टप टप टप! मी पुन्हा ओतलं, पुन्हा टप टप. मग लेकीनं ओतलं, मग आबांनीही.

म्हणजे ही गाडी पाण्याला अडवायला बांधलेलीच नाही. तिनं पाण्याला आत येण्याची मोकळीक दिली आहे आणि बाहेर जाण्याच्या वाटा आखून ठेवल्या आहेत. सरकत्या काचांच्या खाचेतही बाहेरच्या अंगाला तशीच बारीक भोकं आहेत. आमच्या खाचेत तर शेवाळ उगवलं होतं, हिरवंगार, मखमली! भोकं बुजलेली, त्यामुळे खाच भरली की पाणी आतल्या काठावरून सीटवर सांडायचं. डाव्या ओलीचं कारण हेच, पत्र्याला काहीही झालेलं नव्हतं. सायकलची जुनी तार घेतली, एकेक भोक मोकळं केलं, जुन्या टूथब्रशनं खाच घासली, झालं. एक रुपया खर्च नाही. ज्यांच्याकडे सरकत्या काचांची जुनी गाडी आहे त्यांनी हा लेख खाली ठेवून आधी ती भोकं बघून यावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि दाराच्या तळाची भोकं कधीही बुजवू नका. गळतं म्हणून लोक खालून लांबी किंवा सिलिकॉन भरतात. मग दार पाण्यानं भरतं, चालताना आतून डबडब आवाज येतो आणि दाराचा तळ गंजून गळून पडतो.

आता फट. पत्र्याच्या शेडमध्ये गाडी घेतली. जुना सीलर फटीच्या दोन्ही बाजूंना बराच पुढपर्यंत काढला, कारण वरून धड दिसणारा थरही खालून सुटलेला निघाला. त्यासाठी लाकडाची पाचर तासून घेतली, लोखंडी अवजारानं चांगल्या रंगावर ओरखडे जातात. मग तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, चमकणारा पत्रा लागेपर्यंत. मामांचं म्हणणं, गंजाचा ठिपका जरी राहिला तरी वरचं सगळं काम पाण्यात. मुळशीत गावंच्या गावं धरणाखाली गेलेली, त्यामुळे इथल्या माणसाला ‘पाण्यात गेलं’ म्हटलं की अंगावर काटा येतो, मी घासतच राहिले! मग थिनरच्या बोळ्यानं पुसून, केस वाळवायच्या यंत्रानं फटीच्या आतपर्यंत गरम हवा मारून ती ठणठणीत कोरडी केली. मग गंजरोधक प्रायमर, तो वाळल्यावर सीलर.

सीलर कुठला, हे मी मामांना खोदून खोदून विचारलं. सिलिकॉन नको. एक तर त्यावर रंग धरत नाही, आणि पुढेही कधी धरत नाही, कारण त्याचा तेलकट अंश पत्र्यावर राहतो. दुसरं, ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो त्यातून वाळताना ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि उघड्या लोखंडाला ते गंजच आणतं. गाडीच्या सांध्यांना पॉलियुरेथेनचं सीलर लागतं, गॅरेजवाले पीयू म्हणतात ते. ते वाळलं तरी रबरासारखं लवचीक राहतं, पत्रा तापून पसरला की तेही पसरतं, आणि वरून रंग घेतं.

आणि ऐका, या पीयूची सगळ्यात भारी गोष्ट! ते वाळतं म्हणजे सुकत नाही, ते हवेतलं बाष्प शोषून घट्ट होतं. मला वाटत होतं की पावसाळ्यात हे काम होणारच नाही, दिवाळीपर्यंत थांबावं लागेल. मामा हसले. लावताना पत्रा तेवढा कोरडा पाहिजे, म्हणाले, मग ही दमट हवा चांगलीच. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेपेक्षा ते श्रावणात लवकर धरतं. ज्या हवेनं वर्षानुवर्षं गंज दिला, तीच हवा आता सांधा पक्का करत होती. त्या रात्री मी शेडमध्ये जाऊन बोटानं हळूच दाबून बघत होते. वर साय धरली होती.

लावण्याची कृती अशी की नळकांड्याचं तोंड बारीक कापायचं, फटीच्या आधीपासून एकसंध रेघ ओढायची, मधे थांबायचं नाही. मग साबणाच्या पाण्यात बोट बुडवून ती रेघ दाबत न्यायची, म्हणजे सीलर फटीत जातो आणि वरून पन्हाळीचा उतार गुळगुळीत राहतो. हा उतार महत्त्वाचा. सीलरचा बांध तयार झाला तर पाणी त्याच्यामागे साठून नवी जागा शोधतं. शेवटी ब्रशनं रंगाचा हात. कॅरिअर मात्र पुन्हा बसवताना पायांखाली जाड रबराचे तुकडे घातले, आणि पोती आता टपावर जात नाहीत, आत जातात. काचेवरचं जुनं सिलिकॉनही सगळं सोलून काढलं. रबराच्या खालच्या ओठाशी त्यानं पाणी कोंडून ठेवलं होतं, तिथे गंजाची पिवळी छटा यायला लागली होती. वेळेवर बघितलं.

त्यानंतरचा पाऊस मी ज्या आतुरतेनं बघितला तसा शेतकऱ्यानंच बघावा. आला तोही झोडपूनच, धरणाच्या बाजूनं, पलीकडचा डोंगर दिसेनासा करत. रात्रभर कोसळला. खांबावर मी नव्यानं पूड चोपडून ठेवली होती. सकाळी बॅटरीच्या उजेडात बघितलं, पुडीवर रेघ नाही, डाग नाही, काही नाही! नमदा कोरडा, काच स्वच्छ. गाडीचं तोंड फिरवून पुन्हा एक पाऊस घेतला, तेव्हाही तसंच. आबांनी आत हात फिरवला, वास घेतला आणि पोती भरायला सांगितली.

आता माझं असं झालं आहे की रस्त्यानं जाताना माणसांआधी गाड्यांच्या पन्हाळी दिसतात. पौडच्या बाजारात एका शाळेच्या व्हॅनच्या टपावर कॅरिअरच्या पायाशी तसलाच फुगवटा दिसला, तर मी ड्रायव्हरदादांना थांबवून दाखवला. त्यांनी सांगितलं, पुढे पाणी येतं, काच बदलायची म्हणतात. मी म्हटलं, दादा, थांबा, आधी तांब्याभर पाणी आणा! तिथेच, बाजारात, आम्ही पन्हाळीत पाणी ओतलं. त्यांचे डोळे मोठे झालेले मी पाहिले. शेजारच्या वाडीतल्या जीपचीही तपासणी ठरली आहे, तिला तर कापडी हूड, म्हणजे सगळा नवा अभ्यास. शाळेतल्या चौथीच्या मुलांना मी केशाकर्षण शिकवलं ते व्हॅनच्या शेजारी उभं करून. एका मुलानं विचारलं, बाई, मग पाणी फटीतून बाहेर का येत नाही? त्याचं उत्तर द्यायला पूर्ण तास गेला, आणि फार छान तास झाला.

आणि काल एक गोष्ट लक्षात आली. व्हॅनच्या मागच्या डाव्या दिव्याच्या काचेत आतून वाफ धरते. दिव्यामागचं पॅकिंग गेलं असेल, असं सगळे म्हणतात. मला नाही वाटत तसं. तो दिवा डिकीच्या दाराच्या रबराखाली येतो, आणि त्या रबराच्या वरच्या कोपऱ्यात सांधा आहे. रविवारी आबा मोकळे आहेत, लेकीला सुट्टी आहे, खडूची पूड कुटून ठेवली आहे. फक्त उघडीप मिळायला हवी!